पिवळ्या रोपांचे लाड

काचघरातल्या काकांना कुणाचं उपाशी राहणं बघवत नसे. घरी आलेला पाहुणा पोट धरून "पुरे, पुरे" म्हणू लागला, की त्यांना वाढायचा आणखी जोर येई. आणि अशा माणसाला नोकरी मिळाली कुठे, तर रोपांना उपाशी ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत!

वाटाण्याच्या मुळांवर जिवाणू गाठी करून राहतात. रोप त्यांना साखर देतं, ते हवेतला नायट्रोजन रोपाला भरवतात. संशोधक बाईंनी अर्ध्या कुंड्यांत धडधाकट जिवाणू घातले होते, अर्ध्यांत एक जनुक काढून टाकलेले. या दुसऱ्या कुंड्यांत गाठी धरतील, पण नुसत्या नावाला, आतून पांढऱ्याफटक, असा बाईंचा अंदाज होता. कामाची गाठ गुलाबी असते. झालंही तसंच. रोपं पिवळी पडली.

काकांचा जीव तुटला. हिरव्या कुंड्यांखालच्या ट्रेमध्ये पाणी साचायचं, तेच ते गुपचूप पिवळ्यांना घालू लागले.

महिन्याभराने बाईंनी त्या पिवळ्या पडलेल्या एका रोपाची गाठ कापली आणि ओरडल्याच, "काका, गुलाबी! म्हणजे या जनुकाची गरजच नाही!" परवाच्या सभेत बाई हे साऱ्या जाणकारांपुढे मांडणार होत्या.

काकांना ते ट्रेमधलं पाणी आठवलं. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग उद्या जाऊन बोला की!"

"नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. पण त्या बिचारीचं हसं नका करू."

सकाळी काका बोलले. बाई उपड्या कुंडीवर मटकन बसल्या. धडधाकट जिवाणू त्या पाण्याबरोबर इकडे आले होते.

"काका, काय केलंत हो हे!"

"चुकलं, बाई. उद्यापासून येत नाही."

"येत नाही म्हणजे? उद्याचं मांडणं रद्द, पुन्हा पेरायचंय. पाणी कोण घालणार?"

या खेपेला काका मान फिरवून पाणी घालत. रोपं पिवळी पडली ती पडलीच, आणि गाठी पांढऱ्या निघाल्या. पिवळी रोपं बघून एवढं आनंदलेलं माणूस काकांनी आजवर पाहिलं नव्हतं!

बाईंनी निकाल मांडला त्या दिवशी काका मागच्या रांगेत बसले होते. एका चष्मेवाल्या जाणकाराने खोचकपणे विचारलं, "एका कुंडीतलं पाणी दुसरीत गेलं नाही कशावरून?"

"पाणी आमचे काका घालतात," बाई म्हणाल्या. "गेलं असतं, तर त्यांनीच सांगितलं असतं."