पावडीवरचे पाय

उमरेडच्या आमच्या घरात माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत आणि खालच्या दोन पावड्या आळीपाळीने दाबत. पावडी दाबली की धागे उघडत आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळे. बाबांचे गुडघे गेले तशी शाळेतून आल्याआल्या मी मागावर बसू लागले. पावडी अर्धवट दाबली तर कापड बिघडे, म्हणून सगळं वजन टाकून दाबायची, एवढंच मला शिकवलं होतं. पुढे आमच्या कापडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. माग मोडला आणि त्याचं लाकूड त्याच हिवाळ्यात जळणाला गेलं. आई ते चुलीत सारत होती, बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते.

मी नागपूरला कॉलेजात आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हॉस्टेलवर नवरात्रात गरबा होता, मीही सगळ्यांसोबत रिंगणात शिरले. वळायच्या जागी माझा पाय जमिनीवरून सुटलाच नाही. मागची मुलगी माझ्यावर आदळून पडली, तिचा ओठ फुटला.

"येत नाही तर बाहेर उभी राय ना वं!" तिच्या मैत्रिणीने मला दंडाला धरून रिंगणाबाहेर नेलं. "चिखल तुडवून राहिली का?"

बाकीच्या हसल्या. पदवी मिळेपर्यंत दर नवरात्रात मी चपलांच्या ढिगाजवळ बसले. कोणी विचारलं तर म्हणायची, "मले नाही आवडत." ते खोटं होतं. मला त्या रिंगणात जायचं होतं, आणि कोणी बाहेर काढू नये एवढंच हवं होतं.

नोकरी लागल्यावर महालातल्या एका हॉलमध्ये गरब्याचा क्लास लावला. तिथे तीन बॅच होत्या. पहिलीत दोन टाळी, दुसरीत तीन टाळी आणि गिरकी. तिसरीतल्यांकडे आम्ही नुसतं बघायचं. मैदानावरही तसंच असतं, नवशिके बाहेरच्या रिंगणात आणि सरावाचे आत. माझ्याबरोबरच्या सगळ्या दुसऱ्या बॅचला गेल्या. मी शाळकरी पोरींसोबत पहिलीतच राहिले.

"ताई, जमीन दाबू नका, टाच उचला," क्लासच्या बाई सांगायच्या. मी उचलायची आणि पुढच्या टाळीला पुन्हा तेच.

तोवर आईबाबांना मी नागपूरला आणलं होतं. बाबांच्या किडन्या गेल्या होत्या, पाय सुजून खांबासारखे झाले होते. खाटेवरून उठणं नव्हतं. क्लासचं कळल्यावर ते म्हणाले, "नाचाची बी शिकवणी लागते का वं? दाखव बरं काय शिकली तं."

मी खाटेसमोर नाचून दाखवलं. आई दारात उभी होती. बाबा माझ्या पायांकडेच बघत होते.

"काहून वं, पावडी दाबून राहिली का?"

आई हसली. बाबाही हसले, मग खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "माह्यामुळंच लागलं ते तुले." आणि भिंतीकडे वळले.

लोक म्हणतात नाच आतून येतो, शिकून येत नाही. असं म्हणणारे लहानपणापासून घरच्या लग्नांत नाचलेले असतात. माझ्या आतून पावडीच येत होती. मी बाईंना मागाचं सांगितलं. त्यांनी माझ्या टाळ्या बंद केल्या आणि मला नुसतं चवड्यांवर चालायला लावलं. बाकीच्या नाचत असताना मी भिंतीच्या कडेकडेने हॉलभर चालायची. पोटऱ्या रात्री ठणकायच्या. हळूहळू पाय सुटला. मला दुसऱ्या बॅचला घेतलं, त्याच आठवड्यात बाबा गेले.

नवरात्र तोंडावर आलं होतं. "वर्षभर सण नाही," आई म्हणाली. मैदान आमच्या घरापासून जवळ होतं. रोज ढोल वाजायचा आणि आम्ही दोघी रिकाम्या खाटेजवळ बसून ऐकायचो.

वर्षाने क्लासला गेले तर पाय पुन्हा जड. पहिल्या बॅचपासून सुरुवात केली. पोरी कुजबुजल्या, "ह्या ताई पुन्हा आल्या." आले तर आले.

त्या नवरात्रात आई माझ्याबरोबर मैदानावर आली आणि चपलांजवळ बसली. मी बाहेरच्या रिंगणात शिरले. शेवटची आरती होईपर्यंत नाचले. कोणाला माझा धक्का लागला नाही, आणि मला कोणी बाहेर काढलं नाही.