कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना जेवायला घालतात. दाणे टाकत नाहीत, वाढतात. वरण-भात कालवून, वर तुपाचा थेंब, कडेला मोडलेली जवारीची भाकर. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला की आदिलाबादच्या आमच्या भागातले सगळे कावळे तारेवर हजर. त्यात एक लंगडा आहे. तो लाजरा आहे म्हणून काकू त्याला आधी वाढतात. मलाही त्या लाजरीच म्हणतात, त्यामुळे त्या कावळ्याबद्दल मला थोडी आपुलकी आहे.

जेवण त्यांच्या गच्चीवर होतं, बाकी सगळं आमच्या अंगणात. कडक भाकर कावळे आमच्या हौदात आणून भिजवतात, मऊ झाली की खातात आणि विसरले तर तशीच ठेवून जातात. वाळत घातलेल्या चादरींवर पांढरे ठिपके पडतात. एकदा तुळशीत माशाचा काटा सापडला, तेव्हा आईनं काकूंशी बोलणं बंद केलं. काकूंना ते कळलंच नाही, कारण दोघींमध्ये बोलायचं काम त्याच करतात.

शेवटी आईलाच बोलावं लागलं. "अवो, तुमच्या कावळ्याईनं आमचा हौद नासवला."

"हुशार हायेत वो," काकू कौतुकानं म्हणाल्या. "दात नाईत त्याईले, मनून भिजवतात."

आई घरात येऊन म्हणाली, "हिच्याशी काय बोलावं बाप्पा."

आजोबांचं वर्षश्राद्ध झाल्यावरचा पहिला पितृपक्ष आला, तेव्हाची ही गोष्ट. मला हैदराबादला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलची खोलीही ठरली होती. पक्षात कुणी नवीन कामाला निघत नाही, म्हणून तो संपला की जायचं होतं. बाबा "जाय" म्हणाले होते, पण अशा आवाजात, की कुणी जरा जोर लावला असता तर "राहू दे" म्हणायलाही त्यांना वेळ लागला नसता. जोर लावणारी एकच व्यक्ती होती, आणि ती आजोबांच्या तिथीला जैनथहून सकाळच्या बसनं आली. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण.

आईनं पहाटेपासून स्वयंपाक केला होता. वडे, खीर, कढी, कारल्याची भाजी. बाबांनी पळसाच्या पत्रावळीवर पान वाढलं, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि आम्ही सगळे हात जोडून मागे सरकलो. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं.

एरवी आमच्या हौदावर सभा भरवणारे कावळे त्या दिवशी काकूंच्या गच्चीच्या कठड्यावर बसून पंख साफ करत होते. पानाकडे एकानंही पाहिलं नाही.

"दहाव्याले नदीवर तं लगेच शिवला होता," बाबा हळूच म्हणाले.

"आज काई मनात हाये त्याईच्या," आत्या म्हणाली. आणि दहाव्याला घाटावर करतात तसं तिनं इथेही सुरू केलं. मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची आणि पुरी करायचा शब्द द्यायचा. ज्या शब्दावर कावळा शिवेल, तो पाळायचा.

बाबांनी पहिला शब्द दिला. दुकान नीट चालवीन, जुनी गिऱ्हाइकं तोडणार नाही. कावळ्यांना दुकानात रस नव्हता. आईनं पानाच्या कडेला तंबाखूची चिमूट ठेवली. काही नाही. बाबांनी देवळासमोरच्या पाराची डागडुजी कबूल केली. खिरीवर साय धरली.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांबाच्या आड सरकले. अशा वेळी खांबाचा आडोसा पुरत नाही हे मला माहीत होतं.

"नातीची काळजी असन त्याईले," ती म्हणाली. मग पदर सावरून तिनं भिंतीकडे हात जोडले. "बाबा, याच साली पोरीचे हात पिवळे करतो. हैदराबाद-गिदराबाद काई नाई. या, घास घ्या."



आणि नेमका लंगडा उठला. तो आमच्या तारेवर येऊन बसला, मान वाकडी करून त्यानं पानाकडे पाहिलं. मी इंग्रजी शाळेत शिकले, पण त्या क्षणी कावळ्याच्या एका चोचीनं माझं आयुष्य ठरू शकतं यावर माझा पूर्ण विश्वास बसला. लंगड्यानं तारेवर चोच पुसली, या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा, आणि तो परत काकूंच्या कठड्यावर गेला.

पण शब्द तर देऊन झाला होता. आता कधीही, कोणताही कावळा आला असता तरी तो त्या लग्नाच्या शब्दावरच शिवला असं धरलं असतं.

तेव्हा मी बोलले. घरच्या चार माणसांसमोर मी एरवी फारशी बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. "त्यांचं पोट भरलंय," मी म्हणाले. "काकूंनी सकाळीच वाढलंय. वडेसुद्धा होते. मी पाहिलं."

आईच्या चेहऱ्यावर त्या उपाशी दुपारीही जे समाधान पसरलं, ते मी कधी विसरणार नाही. "मी सांगून राह्यली होती ना," ती म्हणाली. "वर्षभर सांगून राह्यली होती." बाबांनी मला काकूंना बोलवायला पाठवलं.

काकू लगेच आल्या, वाटी-चमचा घेऊनच. "पक्ष हाये ना, मनून आज जास्त घातलं," त्या ओशाळून म्हणाल्या. "कोनाचे पितर उपाशी जाऊ नये. तुमचेच जातीन असं कुठं वाटलं मले." त्यांनी चमचा वाजवला. कठड्यावरच्या एका कावळ्यानं डोळे मिटले.

"वाजवा ना," आई गोड आवाजात म्हणाली. "तुमचंच ऐकतात ते. रोज ऐकतात."

काकूंनी पुन्हा वाजवला. मग वाटी खाली ठेवून त्या भिंतीजवळ गेल्या आणि आजोबांशीच बोलल्या. आजोबा होते तेव्हाही त्या भिंतीवरूनच त्यांच्याशी बोलत.

"काकाजी, माह्यावर राग असन तुमचा. उद्यापासून मी माह्या गच्चीवर पान्याची परात ठेवतो. तुमच्या हौदात भाकरीचा तुकडा पडू देनार नाई. आता सुनेले उपाशी ठेवू नका."

लंगडा तारेवर आला, तिथून भिंतीवर. त्यानं सगळं पान नीट पाहिलं, कारलं ओलांडलं, वडा उचलला आणि गेला.

मग आत्या म्हणाली, "लग्नाच्याच शब्दावर आला. पाय अधू हाये, मनून उशीर झाला."

बाबा हात धुवायला निघाले होते. ते थांबले. "अक्का, ज्याच्या शब्दावर शिवला त्याचा शब्द," ते म्हणाले. "शब्द काकूनं देल्ला. आता काकू पाह्यन. पोरगी पक्ष झाला का जाते. वाढ वं, भूक लागली."

"आन काकूनं शब्द मोडला तं लग्नाचा धरायचा?" आत्यानं विचारलं.

"मंग पाहू," बाबा म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

काकूंनी परात ठेवली, पितळेची, मोठी. कावळे तिच्यात आंघोळ करू लागले. भाकर भिजवायला मात्र त्यांना आमचाच हौद आवडतो. मी निघाले त्या सकाळी मी बॅग घेऊन बाहेर आले, तर आई हौदावर वाकलेली. भिजून फुगलेला भाकरीचा तुकडा तिनं पाण्यातून काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखाली लपवला.

"काय गं?" मी विचारलं.

"काई नाई," आई म्हणाली. "पान पडलं होतं झाडाचं."

परवा हॉस्टेलवरून फोन केला, तर आत्या घरी आलेली होती. कावळे काय म्हणतात, मी सहज विचारलं.

"नाई येत आता," आई जरा मोठ्यानंच म्हणाली, आतपर्यंत ऐकू जाईल असं. "एकबी नाई येत. काकू लय शब्दाची पक्की हाये."

तिच्या मागून, अगदी जवळून, दोन-तीन कावळे एकदम ओरडले. आईनं फोन ठेवला.