कॅमेऱ्याकडं बघायचं नाही

साठ खुर्च्यांचं थेटर असतं का कुठं? आमच्या शाळेत एका वर्गात याहून जास्त पोरं बसवलीयत मी. पण काढलं बुवा, बारामतीत, भर पेठेत, भिगवण चौकापासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी खताचं गोडाऊन होतं ते. बापानं जन्मभर युरिया विकला, मुलगा पुण्यात जाऊन सिनेमा शिकून आला आणि त्यानं गोडाऊनच्या भिंती काळ्या रंगवल्या, उतरती फरशी केली, पडदा लावला. म्हणे, इथं गर्दीचे पिक्चर लागणार नाहीत, जे कुठंच लागत नाहीत तेच लागणार. मी सुनेला म्हटलं, "कुठंच का लागत नाहीत, याचा विचार केलाय का त्या शहाण्यानं?" सून हसली. माझं हे पहिल्यापासून असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या जिभेनं माझ्या आईचं काय केलं, ते सांगायला बसलेय.

सुनेनं फोन माझ्यापुढं धरला. थेटर उघडल्यावर पहिला आठवडा आपल्या भागात शूटिंग झालेले जुने पिक्चर दाखवणार, असा मेसेज होता. त्यातल्या एकाखाली फोटो होता. माळ, एक वाकडी बाभूळ, लांबवर शेरडं. मी चष्मा पुसून परत बघितला. ती बाभूळ आमच्या माळावरची होती. ज्या पिक्चरचा विषय निघाला की मी तीस वर्षं उठून आत जात होते, तो चालत माझ्या दारात आला होता.

माझं माहेर मोरगावच्या अलीकडं. कोरडवाहू रान, बाजरी, ज्वारी आणि आईची शेरडं. आजोबांच्या वेळी मेंढरांचा मोठा कळप होता म्हणतात, माझ्या आठवणीत मात्र बारा-पंधरा शेरडंच. त्या शेरडांच्या जिवावर मी डी.एड. केलं आणि जवळच्याच गावात शिक्षिका झाले. सासर सणसरचं. जात एकच, पण त्यांच्या शिवारात कॅनॉलचं पाणी आलं होतं, पाण्यामागून ऊस आला होता. ऊस आला की माणसं शेरडं विसरतात. सासूबाईंनी मला कधी त्रास दिला नाही, खोटं का बोला. फक्त पाव्हणे आले की म्हणायच्या, "हिला शेळीच्या दुधाची सवय, पन आमच्यात च्याला गाईचंच लागतं बाई." मी हसायची आणि कप उचलायची. आतून जळायची.

शाळा माहेरजवळ, म्हणून आठवडाभर मी आईकडं राहायची आणि शनिवारी एसटीनं सणसर गाठायची. मोठा मुलगा पोटात होता तेव्हाची गोष्ट. पिक्चरवाले शाळेत आले. दाढीवाला दिग्दर्शक, आणखी सात-आठ जण. त्यांना शेरडं हवी होती. आईची शेरडं मिळाली, पण त्यांच्या नटीला ती आवरेनात. ती एका अंगाला, शेरडं दुसऱ्या. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "ज्यांची शेरडं, त्याच चालल्या तर?"

मग काय विचारता! माझ्याच आईला पिक्चरमध्ये घेतायत म्हटल्यावर मी मिरवायलाच लागले. तिचा आणि त्यांचा दुवा मीच, कारण माझी भाषा शुद्ध. आदल्या दिवशी मी आईला अंगणात चार वेळा चालायला लावलं. "हे बघ, फक्त चालायचं. बोलायचं नाही. आणि काही झालं तरी कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. बघितलंस तर सगळं वाया जातं."

"न्हाय बगत," आई म्हणाली. "माजं काय काम हाय त्येच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई शेरडं घेऊन चढ चढून आली. काय चालली म्हणून सांगू! काठी खांद्यावर आडवी, पदर डोक्यावरून, शेरडांशी जिभेनं टक् टक् करत. मी कॅमेऱ्याला चिकटून उभी होते, सगळ्यांच्या पुढं, मालकिणीसारखी. बाभळीपाशी आली आणि थांबली. मान वर केली, सरळ आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आगं, उन्हात कशाला हुबी ऱ्हायलीस? सावलीला ये."

दिग्दर्शक थांबा म्हणाला. त्या आवाजानं शेरडं बिथरली आणि शेजारच्यांच्या ज्वारीत घुसली. आणि मी, पोटात पाच महिन्यांचं पोर असलेली, चार अक्षरं शिकलेली मी, सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. "एवढं साधं जमत नाही तुला? दहादा सांगितलं! अडाणी ती अडाणीच."

आईचं तोंड एवढंसं झालं. दिग्दर्शकाला म्हणाली, "चुकलं सायेब. शेरडं गोळा करून पुन्यांदा येते की मी." तो म्हणाला, "राहू द्या आजी, हरकत नाही. छान झालं." मला वाटलं, शहरातली माणसं, तोंडदेखलं गोड बोलतात. ज्वारीवाल्यांशी भांडण मिटवेपर्यंत ऊन कललं, आणि दुसऱ्या दिवशी ते लोक गेलेसुद्धा.

इथंवर नुसती जीभ होती. माणूस रागात बोलतो, आई विसरूनही जाते. पुढचं मी जे केलं ते रागात केलेलं नाही.

वर्षभरानं शाळेच्या पत्त्यावर मला पत्र आलं. पिक्चर पूर्ण झालाय, पुण्यात एका हॉलमध्ये दाखवणार आहोत, तुम्ही घरच्यांना घेऊन या, आईंना तर नक्की आणा. 'नक्की'च्या खाली दोन रेघा. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. पुण्याला जायचं तर घरात सांगावं लागणार, सांगितलं की नवरा येणार, सासूबाई येणार, जावा येणार. आणि मग त्या सगळ्यांच्या मध्ये बसून मी काय बघणार, तर भल्यामोठ्या पडद्यावर माझी आई, अनवाणी, फाटक्या लुगड्यात, शेरडांमागं. चहाच्या दुधावर एवढं ऐकावं लागायचं, मग या पिक्चरवर किती ऐकावं लागलं असतं? मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ज्या बाईनं शेरडं विकून माझी फी भरली, तिची मला लाज वाटली.

पत्र पर्समध्ये घालून मी आईकडं गेले. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "लागलं का गं त्येंचं पिक्चर?"

"लागलं असंल," मी म्हटलं. "तुझं काम कापलंय त्यातलं. बघितलंस ना कॅमेऱ्यात."

पर्स माझ्या मांडीवर होती. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्येंचं लई नुकसान झालं आसंल न्हाय माज्यामुळं?"

तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि खोटं बोलणं जुनं झालं की त्याला हात लावायचीच भीती वाटते.

बरं, तिनं ते मनाला एवढं लावून घेतलं असेल हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. धाकट्या मुलाच्या बारशाला फोटोवाला आला. फोटो धुऊन आले तर त्यात आई जमिनीकडं बघतेय. भाच्याच्या लग्नात तेच. नातवंडांच्या वाढदिवसाला तेच. कुणीही तिच्यासमोर कॅमेरा धरला की ही मान खाली घालायची. फोटोवाले ओरडायचे, "आजी, इकडं बघा की!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "न्हाय रं बाबा. मागं येकदा बगितलं, तर लोकांचं आख्खं पिक्चर नासलं." माणसं हसायची. आईपण हसायची. मी कुणाला पाणी दे, कुणाला पान दे असं करत तिथून सटकायची. आधारकार्डाच्या वेळी तर त्या माणसानं हात टेकले. हनुवटी धरून मान वर करावी लागली. शेवटी फोटो निघाला तो निम्म्या मिटल्या डोळ्यांचा.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. सगळे अल्बम, सगळ्यांचे फोन उलटेपालटे केले. एका फोटोत तिचे डोळे दिसतील तर शपथ. मग आधारकार्डाचाच मोठा करून घेतला. आमच्या भिंतीवर आई आहे, पण ती कुणाकडं बघत नाही.

तर असा तो पिक्चर. चार वाजताचा खेळ होता. सून येते म्हणाली, मी नको म्हटलं. निघताना ट्रंक उघडून ते जुनं पत्र काढलं आणि पर्समध्ये टाकलं. का, ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. त्या थेटरच्या पोराला दाखवावं, कुणाजवळ तरी एकदा बोलून टाकावं, असं काहीतरी डोक्यात होतं.

आत पस्तीस-चाळीस माणसं असतील. काही कॉलेजची पोरंपोरी, काही झब्बेवाले. अजून खताचा बारीक वास येतो तिथं, कितीही रंग लावा. मी कडेची खुर्ची धरली. शेजारी एक मुलगी वही घेऊन बसली होती. पिक्चर सावकाश चालला होता, खरं सांगायचं तर मला त्यातलं निम्मं कळलंही नाही. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडं. मनाची तयारी करून गेले होते की आई दिसली तर लांबून दिसेल, पाठमोरी, शेरडांच्या गर्दीत. बोललेलं तर कापलंच असणार. एवढी वर्षं ते खोटं जपून जपून माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मग माळ आला. चढ आला. टक् टक् आवाज आला आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. आई चढ चढून वर आली, काठी खांद्यावर आडवी. बाभळीपाशी थांबली. मान वर केली. एवढ्या मोठ्या पडद्यावर आईचे उघडे डोळे, सरळ माझ्याकडं.

"आगं, उन्हात कशाला हुबी ऱ्हायलीस? सावलीला ये."

काहीही कापलेलं नव्हतं. त्यावरच पिक्चर संपला. अंधार झाला, पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. मी पदर तोंडात कोंबून रडत होते. आई गं, काय केलं मी हे. एका एसटीचं अंतर होतं पुण्याचं.

दिवे लागले. थेटरचा पोरगा माईक घेऊन पुढं आला, म्हणाला, चर्चा करू या. एक झब्बेवाले प्राध्यापक उठले. "शेवटच्या वाक्यात दिग्दर्शकानं कमाल केलीय. ती बाई साक्षात प्रेक्षकाला सावलीत बोलावते! असं वाक्य लिहायला प्रतिभा लागते." सगळ्यांनी माना हलवल्या.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. नोकरीभर सांभाळलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "लिवल्यालं न्हवतं ते. माजी आई हाय ती. मला म्हनली ती. मी उन्हात हुबी हुते."

सगळं थेटर माझ्याकडं वळलं. पोरगा धावत माईक घेऊन आला. त्याचा चेहरा असा फुलला होता, की आपल्या थेटरचं सोनं झालं. "काकू, आई आहेत का? त्यांना आणू या आपण!"

"नाही. दोन वर्षं झाली जाऊन."

"अरेरे." त्यानं माईक माझ्या आणखी जवळ धरला. "पण त्यांनी पाहिला होता ना हा सिनेमा?"

"नाही."

"एकदाही नाही? का हो काकू?"

किती सरळ विचारलं त्यानं. माझा एक हात पर्समध्ये होता, बोटांना पत्राची घडी लागत होती. नुसतं बाहेर काढायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. सगळे वाट बघत होते. पोरीनं वही मिटली होती. पडद्यावर आता काही नव्हतं.

"तेव्हा इकडं असलं थेटर कुठं होतं," मी म्हणाले.

पोराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो लोकांकडं वळला. "ऐकलंत? म्हणून काढलंय हे थेटर. अशा आजींसाठी काढलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या पोरीनं माझा दंड धरला. प्राध्यापकांनी लांबूनच हात जोडले. मी पर्सची चेन लावली, आणि सगळे वाजवत होते म्हणून मीपण टाळ्या वाजवल्या.