तीन गल्ल्यांपलीकडचं माहेर

२००८ साल. माझं वय तेव्हा अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच, म्हणून लिहिताना वाकडंतिकडं होईल. पण जे झालं ते सरळ सांगतो.

त्या वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी माझी बहीण वारली. रक्ताची नव्हती. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तीन गल्ल्या सोडून राहायची. जातीनं, धर्मानं, बोलीनं सगळी वेगळी. ती छत्तीसगढी ख्रिस्ती, मी वर्ध्याकडचा मराठी, इथं छत्तीसगढात भनपुरीला ट्रकची बॉडी बांधायच्या गॅरेजात वेल्डर. ती दवाखान्यात आया होती. माझी बायको आजारी पडली तेव्हा तिनं तिचं सगळं केलं. वेणीसुद्धा घालून द्यायची. ड्यूटी संपली तरी घरी जायची नाही. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून चर्चला, आणि तिथून थेट वॉर्डात.

बायको बरी होऊन घरी आली, आणि त्याच साली तीजा आली. तीजा म्हणजे आपली हरतालिका, पण इथं तिची तऱ्हा निराळी. भाऊ बहिणीच्या दारी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. उपासाच्या आदल्या दिवशी कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याला करू भात म्हणतात. मग भावानं साडी द्यायची. पोळा झाला की सारा पारा बायकांवाचून ओस पडतो. मी कामावरून येत होतो, तर ही दवाखान्यातली बाई एकटी आपल्या पायरीवर बसलेली. नवरा कमवायला म्हणून परमुलखात गेला तो गेलाच, पोट्टी, म्हणजे तिची मुलगी, लहान.

मी सायकल थांबवली. "काहून वो, तुले कोणी घ्याले नाही आलं?"

"मोर तो कोनो भाई नइ हे, भैया," ती हसत म्हणाली. माझा कोणी भाऊ नाही.

"पण तुमच्यात तीजा कुठं असते?"

"उपास नइ करंव. फेर मायका तो सबो के होथे." उपास करत नाही, पण माहेर तर सगळ्यांनाच असतं.

हे मला लागलं. मी म्हटलं, बस मागं. पोट्टीला दांडीवर घेतली, हिला कॅरियरवर, आणि घंटी वाजवत वाजवत तिन्ही गल्ल्यांतून घरी आणली. लोक हसले. पानठेल्यावरचा एक ओरडला, "मामाजी, ससुराल कितना दूर था?" हसू दे. बायकोनं कारली केली, मी साडी आणून दिली. त्या दिवसापासून मी तिचा भाऊ.

पुढच्या तीजाआधी मी सायकलचं कॅरियर कापून रुंद केलं, स्वतः वेल्डिंग मारून, तिला बसायला नीट व्हावं म्हणून. दर वर्षी जायचो. पाऊस असो, गॅरेजात दोन ट्रक उभे असोत, जायचोच. आमच्या समाजातल्या लोकांनी नाकं मुरडली, ख्रिस्ती बाईला माहेरपण करतो म्हणून. त्यांच्या घरचं जेवण मी सोडलं, तिला नाही सोडलं. माझी बायको गेली, तेव्हा वाटलं आता कारली कोण करणार. तर ही बया माहेरी येऊन स्वतःच चुलीपुढं बसली. कारलं चिरलं, मीठ लावून पिळलं, तळलं, मला वाढलं, आणि स्वतः दोन घास खाऊन उठली.

तेवढंच खायची नेहमी. माझी बायको होती तोवर तीच कुरकुरायची, पाखरासारखी जेवते म्हणून. ही म्हणायची, "ड्यूटी है भाभी, पेट भारी हो गया तो नींद आएगी." साडी पिशवीत घालायची आणि निघायची. आणि रविवारी चर्चमधून येताना दारातून हाक द्यायची, "भैया, आज प्रार्थना में आपका नाम लिया है!" मी देवळात फारसा जात नाही. पण कोणीतरी कुठंतरी आपलं नाव घेतं, याचा मला मान वाटायचा. लपवू काय म्हणून?

पोळ्याच्या संध्याकाळी निरोप आला. तीजाची साडी मी आधीच आणून ठेवली होती, हिरवी, बारीक काठाची. दुसऱ्या दिवशी माती द्यायची होती. आपल्यात बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. त्यांच्यात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, पण भाऊ मी होतो. साडी काखेत घेऊन गेलो.

अंगणात पेटी ठेवलेली. ती पांढऱ्या साडीत, चर्चला जायची तशी. उशाशी तिची पोट्टी, आता लग्न होऊन भिलाईला दिलेली. पेटीच्या पायथ्याशी एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस उभा. छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जे बाबू इथं आले, त्यातला. साहेब लोकांच्या शंकर नगरात राहणारा. त्याच्या हातात दुकानाची पिशवी.

"आप दीदी के...?" त्यानं विचारलं.

"भाऊ. एकच आहे मी."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "एक ही? तो मैं कौन हुआ?"

मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी रडत रडत हसलं. भनपुरीचा ट्रक ड्रायव्हर, एक पाय ओढत चालणारा. अपघातात पाय गेला असता, तो हिच्या सेवेनं वाचला म्हणे. त्यानं गमछ्यात गुंडाळलेली साडी वर केली. "लो भाई, गिनती पूरी करो. तीसरा मैं."

मग सगळं निघालं. बाबूकडं ती तीजाच्या दिवशी दुपारी जायची, नवं राज्य झाल्यापासून. ड्रायव्हरकडं करू भाताच्या रात्री, माझ्याकडून निघाली की, त्याची म्हातारी आई कारलं करून वाट बघायची. तिची ड्यूटी ती हीच. रविवारी प्रार्थनेत आपलं नाव घेतलं, असं त्या दोघांनाही सांगायची. आणि दोघांनाही तेच म्हटलेलं, मोर तो कोनो भाई नइ हे.

मी पोट्टीकडं वळलो. ती मला लहानपणापासून मामा म्हणायची. "तुले माहीत होतं?"

ती मान खाली घालून हिंदीतच बोलली. "हव मामा. मम्मी बोली थी, किसी मामा को मत बताना. सब जिद्दी हैं, लड़ पड़ेंगे."

"अन् आमच्याकडं येतच काहून होती?"

पोट्टीनं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "बोल दे बेटी." तेव्हा ती बोलली. "मम्मी कहती थी, बहन के नाम पर इनका कोई नहीं है. मैं नहीं जाऊँगी तो ये लोग तीजा में दरवाज़े पर बैठे रह जाएँगे."

आता सांगा. मी समजत होतो की पायरीवर एकटी बसलेल्या बाईला मी उचलून माहेर दिलं. समाजाला अंगावर घेतलं, सायकल कापून जोडली. आणि ती बाई माझ्यावर दया करून कॅरियरवर बसत होती! खोटं बोलली, ते एक वेळ चाललं असतं. पण माझी कीव केली, आणि वर सगळ्यांत वाटून केली. दवाखान्यातल्या पेशंटांना खिचडी वाटतात तशी.

पास्टर साहेब म्हणाले, ज्यांना साडी द्यायची असेल त्यांनी पेटीत पायाशी ठेवा. बाबूनं ठेवली. ड्रायव्हरनं ठेवली, आणि वाकून बराच वेळ तिचे पाय धरून राहिला. पोट्टी माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, आपकी?"

"माझी नाही," म्हटलं. काखेतली साडी काखेतच ठेवली. कबरस्तानात गेलो, पण मातीची मूठ टाकली नाही. पेटीकडं पाठ करून फाटकाशी उभा राहिलो. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

परत निघताना फाटकाशी ते दोघं पोट्टीशी बोलताना ऐकलं. बाबू म्हणत होता, "बेटी, अब तेरा मायका मेरे घर. परसों तीजा है, गाड़ी भेजूँगा." ड्रायव्हर म्हणाला, "गाड़ी तो मेरे पास भी है साहब. ज़रा बड़ी है."

मला कोणी काही विचारलं नाही. मीही थांबलो नाही. घरी येऊन साडी ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं, आणि जेवलो नाही. आई गेली म्हणजे त्या पोट्टीचं माहेर गेलं, तिला कोण नेणार, हा विचार त्या दोघांचा. माझा विचार वेगळा होता. ती म्हणून गेली होती, यांचं कोणी नाही, दारात बसून राहतील. उद्या करू भात. मी खरंच दारात बसून राहिलो, तर तिचं म्हणणं खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठलो. बाजारातून कारली आणली. चिरली, मीठ लावलं, पिळली, तळली. थोडी करपली. साडी ट्रंकेतून काढून पिशवीत घातली आणि सायकलला हवा भरली. राग होताच, आजही आहे. पण बाबूची गाडी आणि ड्रायव्हरचा ट्रक यायच्या आधी मी त्या गल्लीत, पोट्टी उतरली होती त्या तिच्या आईच्या दारी पोचलो, आणि पोट्टी बाहेर येईपर्यंत घंटी वाजवत राहिलो.