प्रयोगशाळेतली खंडेनवमी

प्रयोगशाळा कशी चालवावी, असं नव्या शिक्षिका मला अजूनही विचारतात. मी म्हणते, आधी किल्ली स्वतःकडे ठेवा. बाकीचं सगळं पुस्तकात आहे. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे त्या पाठ करूनच येतात. किल्ली कोणाला देऊ नये, हे कोणी शिकवत नाही. चांगल्या माणसाला तर मुळीच देऊ नये. वाईट माणूस फार तर तराजू उचलून नेईल. चांगला माणूस आवराआवर करतो.

कोथरूडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळा तळमजल्यावर, अगदी टोकाची खोली. खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर गॅसच्या तोट्या, आणि खालच्या कपाटात सिलिंडर. रोज जाताना मी सिलिंडर बंद करायचे, खिडक्या लावायचे, दारापर्यंत जायचे आणि पुन्हा फिरून सिलिंडर बघायचे. शिपाईमामा हसायचे. हसेनात का. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर लोळत पसरतो, उभ्या माणसाच्या नाकाला फार उशिरा कळतो. हे मी दरवर्षी आठवीला घसा फोडून सांगायचे. त्या वर्षी आठवीत माझी स्वतःची मुलगीही होती.

खंडेनवमीला शाळेत हत्यारांची पूजा असायची. एरवी ती हॉलमध्ये व्हायची. त्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "अहो बाई, यंदा तुमच्या प्रयोगशाळेतच मांडू की पूजा. शाळेची हत्यारं म्हणायची तर ती तुमच्याकडेच आहेत." मला त्या सकाळी दुसऱ्या शाळेत विज्ञान शिक्षकांच्या बैठकीला जायचं होतं. "मग किल्ली देऊन जा, मुली आवरतील सगळं," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिकेला किल्ली नाही म्हणायची छाती माझी नव्हती. सिलिंडर बंद आहे हे बघून किल्ली दिली आणि गेले.

बैठकीत कोण काय बोललं, देवाला ठाऊक. माझं सगळं लक्ष त्या किल्लीकडे. आपण उगाच संशयी, असं स्वतःला बजावत मी चहाआधीच उठले आणि स्कूटर काढली. शाळेत आले तर व्हरांडा सामसूम. बाकीचे वर्ग हॉलमध्ये पाटीपूजनाला गेलेले. टोकाच्या खोलीतून मुलींची कुजबुज तेवढी ऐकू येत होती. त्या शांततेनं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दारातून पाहिलं तर काय थाट! टेबलाच्या या टोकाला पांढरं कापड, त्यावर सूक्ष्मदर्शक, तराजू, चिमटे, सगळ्यांना हळदकुंकू. कोपऱ्यातल्या सांगाड्याच्याही कपाळाला कुंकू लावलेलं. मेला बिचारा, पण सवाष्ण झाला. दाराजवळ पाटावर समई तेवत होती. ती विझू नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. पाच-सहा मुली जमिनीवर बसून रांगोळी भरत होत्या, मोठ्या बाई खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. साजूक तुपातल्या शिऱ्याचा घमघमाट सुटला होता.

पूजेच्या जागी पायात चपला नकोत, म्हणून मी पट्टा सोडायला वाकले. आणि शिऱ्याच्या वासाखालचा दुसरा वास नाकात शिरला.

मी वाकलेलीच राहिले. शिरा इथे आला कुठून? गरम होता, पातेल्यातून वाफ निघत होती. म्हणजे बर्नरवर केला. म्हणजे सिलिंडर उघडला, आणि नंतर नुसती तोटी बंद करून ठेवली. बर्नर कुठे? बर्नर पूजेत, हळदकुंकू लावून, नळीसकट. मग ती तोटी उघडीबोडकी. आणि तोट्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची माळ ताणून बांधलेली. मधली एक तोटी माळेच्या ओढीनं आडवी, म्हणजे चालू, झालेली मला तिथूनही दिसली.

"कसला गं हा घाण वास?" एक मुलगी म्हणाली.

"मागच्या नाल्याचा असेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "उदबत्ती लावायला सांगितलीय ना हिला. जा गं, टेबलापाशी जास्त येतोय, तिकडेच लाव."

तेव्हा मला माझी मुलगी दिसली. तिनं समईवर उदबत्त्या पेटवल्या होत्या. त्यांच्या टोकांना अजून ज्योत होती, आणि ती पाठमोरी, हळूहळू खिडकीकडे निघाली होती.

ओरडावं तर दचकेल, हातातलं खाली पडेल. खाली तर सगळा तोच. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "उभी राहा."

ती थांबली.

"मागे ये. माझ्याकडे. फिरू नकोस, तशीच उलटी ये." ती एकेक पाऊल मागे आली. मी ज्योतींसकट उदबत्त्या मुठीत धरल्या आणि चुरगळल्या. मग समई फुंकली.

"अहो, देवाचा दिवा!" मोठ्या बाई उठल्या. "फुंकतात का तोंडानं? अपशकुन झाला की हो. आणि अंधारलं बघा, दिवा तरी लावा."

"बटणाला हात लावाल तर याद राखा," मी म्हणाले. मुख्याध्यापिकेशी मी असं आधीही बोलले नव्हते आणि नंतरही नाही. मुलींना बाहेर काढलं. सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि व्हरांड्यात येऊन मटकन बसले.

सगळं कळल्यावर मोठ्या बाईंनी विझलेली समई उचलली. मग म्हणाल्या, "झालं नाही ना काही? देवीनंच राखलं. चला, पूजा हॉलमध्ये करू." पूजा झाली, शिरा वाटला. मुलीनं खाल्ला, मला गिळवेना.

घरी आल्यावर तिनं माझ्या तळव्याला मलम लावलं. एवढा वेळ दाबून ठेवलेला राग तेव्हा वर आला. म्हटलं, "अगं, घरी रोज गॅस पेटवतेस. तुला वास ओळखता येऊ नये?"

"आला की ओळखता," ती म्हणाली. "मला कळलं होतं गॅस आहे ते."

"आणि तरी निघालीस पेटती उदबत्ती घेऊन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी असं काय विचारते आहे, हेच तिला समजत नव्हतं.

"मोठ्या बाईंनी सांगितलं होतं ना, आई," ती म्हणाली. "त्यांना उलट कसं बोलायचं?"