वाढलेला आकडा

रत्नागिरीच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचो. वृषणाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला एक खलाशी तिथे दर महिन्याला यायचा. रक्तातला एक ठरावीक आकडा चढला, तर आजार उलटला असं समजायचं. नमुना मुंबईला जायचा. रिपोर्ट आला की तो दोराने घट्टे पडलेलं बोट आकड्याखाली धरायचा आणि आकडा उतरलेला दिसला की हिरमुसायचा. का, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा आकडा चौपट आला. तो एकदम खुलला.

"रक्त वाढलं हो! ऑपरेशनच्या वेळी हेच कमी पडलं होतं. आता डॉक्टरकडे कशाला जाऊ? उद्याच जहाजावर चढतो."

रिपोर्टवर फक्त डॉक्टरांनी बोलायचं, असा आमचा नियम होता. मी तो पाळला. दारातून त्याने हात हलवला, मीही हलवला.