सातवा बुधला

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही – देवळात पुजारी असतात आणि त्यांचे कान फार तिखट. तुम्ही अनोळखी आहात, तुमच्याजवळ बरं. निजामाचं राज्य गेलं, त्याची दफ्तरं कुठं गेली ठाऊक नाही, आणि मीही आता जायच्याच तयारीत आहे. मग भीती कुणाची? – असं म्हणतो खरा, पण लिहिताना हात अडतोय.

मी मुन्शी होतो. धारूरच्या पलीकडे, डोंगराच्या कड्यावर सरकारचं एक लहानसं लष्करी ठाणं होतं, तिथला. ठाण्याचं नाव सांगत नाही. दोन तोफा, बारा बुधले बारूद, आठ-दहा शिपाई आणि तोफ डागणारा एक गोलंदाज, एवढा आमचा फौजफाटा. बुधले चामड्याचे, माणसाच्या कमरेएवढे, प्रत्येकाच्या तोंडावर लाखेची मोहर. दर वर्षी हैदराबादेला कैफियत जायची – तोफा सज्ज, बारूद कोरडी, मोहरा शाबूत. ती कैफियत मी लिहीत असे. मोहरही माझ्याकडे, कोठीची किल्लीही माझ्याकडे. दुसऱ्या तोफेत मुंगसाचं बिऱ्हाड होतं; तिलाही मी ‘सज्ज’च लिहायचो. मुंगूस सज्ज असायचंच, त्यात खोटं ते काय?

पण मुंगसाचं सांगायला मी बसलेलो नाही. जरा दम धरा.

सुरुवात विहिरीपासून झाली. पायथ्याच्या गावात एक विहीर काळ्या खडकाला अडली होती. सुरुंगाला बारूद हवी होती आणि ती होती माझ्या कोठीत, वर्षानुवर्षं निजलेली. मी चार शेर दिली. पाणी लागलं. हे ऐकून तुम्हाला वाटेल, भला माणूस दिसतोय. मलाही तसंच वाटलं – तिथंच घात झाला. विहिरींना मी दिली ती दोनदाच. बाकी सगळी लग्नांत उडाली.

आमच्याकडं वरातीत दारूकाम नसलं की सोयरे तोंड वाकडं करतात. तेलगावकडचे एक पाटील आले आणि म्हणाले, “मुन्शीजी, पोरीचं लगीन हाय. सरकारची बारूद नुसती पडून हाय न्हवं? लढाई तर कुठंच न्हाई.” मी दिली. लढाई खरंच कुठं नव्हती. मग त्यांचं पाहून दुसरे आले, दुसऱ्यांचं पाहून तिसरे. मला मानाचा फेटा मिळे, पंगतीत व्याह्याशेजारी पाट मिळे, तुपाची वाटी वेगळी. पंचविशीतल्या पोराला आणखी काय हवं? माझ्या स्वतःच्या लग्नात तर मुलखाचं संरक्षण पार आभाळात गेलं. आमचे गोलंदाज इमामचाचा वरातीत होते. मान वर करून म्हणाले, “काय बारूद हाय! अक्षी सरकारी वाटती.” मी मुंडावळ्या सावरल्या. दुसरं काय करणार?

रिकाम्या झालेल्या बुधल्यांत मी लोहाराकडचा कोळसा कुटून भरला. तसाही बारुदीत कोळसा असतोच. मी फक्त सोरा आणि गंधक वगळला. वर चार बोटं खरी बारूद पसरायची, मोहर करायची, झालं. पहिला बुधला मात्र अस्सल ठेवला, कारण ईदेची तोफ त्यातून उडे. तपासणीचे साहेब येत, मोहरा मोजत, जेवून जात. बुधल्यात काय आहे हे कुणी कधी पाहिलं नाही. हैदराबादेचा माझ्यावर किती विश्वास होता – आणि माझं अक्षरही सुरेख होतं.

एकच अडचण होती. पावसाळा सरला की बारूद उन्हात वाळवायची असते, आणि ते काम इमामचाचांचं. बुधला चटईवर उलटा केला की माझं बिंग तिथंच पसरलं असतं. म्हणून मी काय केलं? – त्यांच्यावर दया केली. म्हणालो, “चाचा, तुमचे गुडघे दुखतात. वाळवण मी करून घेतो.” त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “पोटचं पोरगं बी इतकं करत न्हाई.” हे वाक्य मी तीन पावसाळे ऐकलं, आणि तिन्ही वेळा गालातल्या गालात हसलो. हेही लिहून टाकतो.

मग एक साहेब आला. तरुण, बारीक मिशीचा; जेवायला बसेना. म्हणाला, राज्याला कळलं पाहिजे आपण कशावर खर्च करतोय, तोफ माझ्यासमोर उडाली पाहिजे. मी लगबगीनं पहिला बुधला पुढं केला. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. बोट दाखवलं ते सातव्या बुधल्याकडं.

सातवा! सातव्यातली बारूद माझ्या लग्नात उडाली होती.

इमामचाचांनी त्या दिवशी ठेवणीतला अंगरखा घातला होता, छातीवर सरकारी पितळी बिल्ला. तीस वर्षांत त्यांची तोफ एकदाही फसली नव्हती, आणि ती गोष्ट ते रोज एकदा तरी सांगत. त्यांनी मोहर फोडली, वरची चिमूट जिभेवर ठेवली आणि माझ्याकडं कौतुकानं पाहिलं – खरी होती ना ती! ती वरची बारीक बारूद त्यांच्या रिवाजाप्रमाणे तोफेच्या कानासाठी, बत्ती द्यायच्या भोकासाठी, बाजूला काढली. खालची ओतून ठासली. डोळ्यांत मोतीबिंदू, काळं ते काळं. सगळे कानांवर हात ठेवून मागं सरले. साहेबानंही ठेवले. मी नाही ठेवले. मला गरजच नव्हती.

पलिता लागला. तोफेच्या कानात फर्रकन जाळ झाला आणि संपला. तोफेच्या तोंडातून थोडा धूर आला, हुक्क्यातून येतो तेवढा. आवाजानं जागं झालेलं मुंगूस तेवढं शेजारच्या तोफेतून बाहेर आलं, साहेबाच्या बुटांसमोरून निघून गेलं. एक शिपाई फिसकन हसला. मलाही हसू आलं – देवाशप्पथ, त्या क्षणीसुद्धा.

साहेबानं विचारलं, कानात पेटली, पोटात का नाही? ओल लागली असेल, कुणीतरी म्हणालं. कदाचित मीच म्हणालो असेन. – नाही, मीच म्हणालो. मग साहेबानं विचारलं, वाळवणीचं काम कुणाचं? मी तोंड उघडायच्या आत इमामचाचा पुढं झाले. “माझं हाय, सरकार. तीस सालांपासून माझंच.” मुन्शी वाळवतो, माझे गुडघे दुखतात – यातलं अक्षर त्यांनी काढलं नाही. ते मला वाचवत होते! पोटच्या पोरासारखं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातात दौत होती, बोरू होता, समोर कागद होता. मी लिहिलं: गोलंदाजाच्या गफलतीमुळे बारूद निकामी. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

बिल्ला त्यांनी स्वतःच काढून दिला. टाचणी सुटेना, तेव्हा मी मदत केली. हैदराबादेनं या प्रकाराची गंभीर दखल घेतली – बारा बुधले नवी बारूद आणि कोठीला नवं कुलूप पाठवलं. किल्ली माझ्याकडेच दिली.

दोनेक वर्षांनी धारूरच्या बाजारात ते मला दिसले. सीताफळांची पाटी पुढ्यात घेऊन बसले होते. मी तोंड फिरवून निघालो होतो, पण त्यांनी चालीवरून ओळखलं आणि हाक मारली. पाटीतली दोन मोठी फळं चाचपून काढली, माझ्या हातात ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला. म्हणाले, “मुन्शीजी, कामचुकारी माझी झाली. माझं काम मी तुमच्यावर टाकलं. तुमी लहान, तुमाला बारुदीतलं काय कळतंय? माझ्यापायी तुमच्या दफ्तराला बट्टा लागला. माफ करा म्हणायचं रायलं होतं.”

बाजार भरलेला होता. लोक आमच्याकडं पाहत होते.

मी म्हणालो, “जाऊ द्या चाचा. माफ केलं.”